टेबलावर ठेवलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी मोटरची करवत आहे. माझ्या साखळीचे दात झिजले आहेत, आणि खरे सांगू, त्याचे मला फारसे दुःख नाही.

कारखान्यातून निघून मी ब्राझीलमधल्या इरिरी नदीकाठी, वाल्देमिरोच्या घरी आले. सरकारने बोलावले म्हणून तो दक्षिणेकडून तिथे आला होता. तेव्हा नियमच असा होता, की जो रान मोकळे करील त्याची जमीन. मला खांद्यावर घेऊन तो निघाला की शेजारी म्हणत, "काय हत्यार आहे! कुऱ्हाडीचं आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतं." मी फुशारून जाई. कसाव्याच्या कंदांपुरते रान तोडून-जाळून आम्ही थांबलो असतो, तर बरे झाले असते.

पण शेजारच्या रानात गुरांसाठी मोठे कुरण होऊ लागले. मालक दूर शहरात. त्याचा मुकादम एलियासिन याने वाल्देमिरोला मजुरीवर घेतले. एका सकाळी त्याने कास्तान्याच्या, म्हणजे ब्राझील नटच्या, एका झाडाकडे बोट दाखवले. ते झाड तोडायला कायद्याने बंदी होती. शिवाय वाल्देमिरोची बायको झुलेदे दर पावसाळ्यात त्याची पडलेली फळे फोडून आतल्या बिया विकायची. वाल्देमिरोचा हात थबकला. मग त्याने मला चालू करणारी दोरी ओढली.

झुलेदे महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढी, पण पाठ फिरवून.

उपग्रहाच्या चित्रात उघडी जमीन दिसली आणि वनखात्याची माणसे बोटीने आली. मी जप्त झाले. वन अधिकारी मार्लूसिया यांनी शाळेच्या पडवीत सभा भरवली, तेव्हा पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवले होते.

"हे बारके शेतकरीच रान जाळतात, मॅडम," एलियासिन म्हणाला. "आम्ही देशाला मांस पुरवतो."

"आम्ही परसाएवढं जाळतो!" मागून कोणी ओरडले. "तुझं कुरण घोड्यावरनं दिवसभरात संपत नाही!"

रबराचा चीक काढणारा म्हातारा देओक्लेसिओ म्हणाला, "सरकारचा रस्ता रानात आला त्याच दिवशी रान गेलं. बाकी सगळे नुसते वाटेकरी."

मार्लूसियाबाई दमलेल्या होत्या. "कायदा आहे हो. पण बोट एक, माणसं तीन. किती रान राखू?"

जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी वाल्देमिरो उठला.

"ते झाड मी पाडलं. सांगितलं मुकादमानं, पण हात माझा होता. मला शिक्षा करा. फक्त एक सांगा, मॅडम. मी रान तोडलं तेव्हा सरकारनं मला जमिनीचा कागद दिला. माझी बायको वीस वर्षं रान राखून पोट भरतेय. तिला कुठला कागद दिलात?"

झुलेदेने कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "बसा आता," ती म्हणाली. मग मार्लूसियाबाईंकडे वळली, "नुसतं ऐकू नका, बाई. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. कागदाला यायला तीन वर्षे लागली. नदीकाठचे रान गावाच्या राखणीत आले. वाल्देमिरोने शिक्षा म्हणून दोन पावसाळे रोपे लावली. मला शिक्का मारून परत दिले, ते फक्त नदीत आडवी पडलेली झाडे कापण्यासाठी. शहरातल्या मालकावरचा खटला मात्र अजून चालूच आहे, आणि त्याची गुरे चरतच आहेत.

परवा एलियासिन पुन्हा दारात आला. "काम आहे. येतोस?"

"विचारावं लागेल," वाल्देमिरो म्हणाला.

"कुणाला?"

"गावाला. आणि त्याआधी बायकोला."

"म्हणजे नाहीच की!" एलियासिन हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून एका नव्या करवतीचा आवाज आला.

मित्रांनो, ती माझ्यासारखीच फुशारली असेल. रान कोणी तोडले असे विचाराल, तेव्हा करवत धरणारा हात जरूर पाहा. पण त्या हाताला काम कोणी दिले, आणि राखणाऱ्या हाताला काय दिले, तेही विचारा. आणि लवकर विचारा. आवाज अजून येतो आहे.