माझी 'बंद' बाजू

मी नम्रताताईंच्या दारावरची पाटी बोलतेय. घोटावड्यातल्या त्यांच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर सुतळीला लटकते. एका बाजूला 'या', दुसऱ्या बाजूला 'बंद'. मी एक साधी फळी. माणसांच्या मनातलं मला काय कळणार, ही शंका रोज छळते. तरी आज बोलणारच.

चार वर्षं मी फक्त 'या' म्हणत होते. ती अक्षरं उन्हाने विटली. 'बंद' मात्र दाराकडे तोंड करून कोरं करकरीत राहिलं. ताईंचा डबा संध्याकाळी भरलेलाच घरी जायचा. लोक म्हणायचे, "मॅडम कवाबी जा, भेटत्यात." मी खुळी, फुशारून जायचे.

काल एक बाई उठून गेल्या आणि लगेच रंभाबाई आल्या. झोप लागत नाही म्हणाल्या. ताईंनी मान डोलावली. "सून माहेरी निघून गेली तेव्हापासूनच ना?"

"कुणाची सून?" रंभाबाई ताठ झाल्या. "माझ्या पोराचं अजून लगीन न्हाई! मघाच्या बाईचं मला सांगताय व्हय? मग माझं कुणाला सांगाल?"

ताईंनी हात जोडून माफी मागितली. रंभाबाई पाणीही न घेता गेल्या. ताईंनी आपल्या गुरूंना, जयवंत सरांना फोन लावला.

"जेवलीस?"

"सर, बाहेर माणसं बसलीत."

"मी काय विचारलं?"

ताईंना रडू फुटलं. रडतरडतच त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं.

"त्या पहिल्या बाईंची गोष्ट फुटली, हे त्यांना आजच सांग, स्वतःच्या तोंडाने. आणि उद्यापासून दुपारी दार लाव. थकल्या कानांनी ऐकायला बसणं ही हलगर्जी आहे, नम्रता."

त्या संध्याकाळी ताई त्या बाईंच्या घरी जाऊन आल्या. आज दुपारी त्यांनी मला उलटं केलं. 'बंद'ने पहिल्यांदा ऊन पाहिलं. इतक्यात कुशाबांनी दार बडवलं.

"मॅडम, दोनच मिंटं!"

ताईंचा हात कडीवर आला. माझा जीव खालीवर.

"कुशाबा, घरात कुणाच्या जिवाला धोका नाही ना?"

"छ्या! भाऊ बोलत न्हाई, येवढंच."

"मग चार वाजता या. जेवतेय मी."

"आता पाट्या लावाया लागल्या!" कुशाबांनी मला चापट मारली. मी गरगर फिरले. घाबरले, 'या' पुढे आलं तर? पण थांबले ती 'बंद'वरच.

मारा अजून. चार वाजेपर्यंत मी हीच बाजू दाखवणार. आत डबा उघडलाय.