बदकाचा पेला

आमच्या सासूबाईंना सकाळी नऊपासून देवाचा नैवेद्य होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. सोवळ्यात असतात. एकदा बँकेत निघताना हे रुमाल शोधत स्वयंपाकघरात शिरले, तर आईंनी उलथनं उगारून पोटच्या मुलाला दारातच थोपवलं. काशीत रामघाटावरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक आहे. गॅसवालासुद्धा जिन्याखालून ओरडतो, "माताजी, ऊपर आएँ कि पूजा चल रही है?"

आणि अशा घरात मी पद्माच्या मुलीला ठेवून घ्यायचं कबूल करून बसले होते.

दर गुरुवारी मी निवेदितादीदींच्या संस्थेत जाते. एड्सबद्दल लोकांना माहिती द्यायची आणि ज्यांना लागण झाली आहे त्यांच्या सोबतीला उभं राहायचं, हे तिथलं काम. नावाडी, न्हावी, ट्रकवाले यांच्यासमोर मी चित्रांचे तक्ते उलटते. हात मिळवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. घरी हे इतक्यांदा घोकलं की आमच्या दीड वर्षाच्या रोहनला 'आई'च्या आधी 'नाही' म्हणता आलं.

पद्मा तिथंच भेटली. मराठीच, राहायला नदीपलीकडे रामनगरला. नवरा ट्रकवर होता. हा आजार तिला देऊन तो गेला. सासरी तिचं ताट, वाटी, पेला खिडकीत वेगळं मांडलं गेलं, तेव्हा चार वर्षांच्या गंगाला घेऊन ती बाहेर पडली. आता संस्थेसाठी पिशव्या शिवते. गेल्या महिन्यात तिला क्षयानं धरलं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस भरती व्हा, उशीर नको. पण गंगाची सोय झाल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती.

"माझ्याकडे ठेव," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर घाबरले.

"आधी काकूंना सगळं सांगा, वहिनी," पद्मा म्हणाली. "चोरून नाही ठेवायची मला माझी पोर."

त्या दिवशी दुपारी आईंसमोर तक्ते मांडले. नावाड्यांसमोर कधी अडखळले नाही, तेवढी अडखळले. आई वाती वळत होत्या.

"डास चावला तर?"

"नाही, आई."

"घाटावर शेजारी शेजारी बुडी मारली तर?"

"नाही."

"मग होतो तरी कशानं?"

चौथा तक्ता आला. मी गडबडीत दोन पानं एकदम उलटली.

"पानं काय पळवतेस?" आई म्हणाल्या. "मलाही मुलगा आहे. तो काय संक्रांतीच्या वाणात आला?" मग त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे बिचारीला नवऱ्यानं दिला. सरळ सांग ना. आण पोरीला. परवा रोहनचं बोरन्हाण आहे, तेव्हाच आण. पोरं पाहिजेतच बोरं लुटायला."

एवढं सोपं? मला रात्रभर हलकं वाटायला हवं होतं. उलट सकाळी उठून चौकात गेले आणि प्लास्टिकचा एक पेला घेऊन आले. पिवळा, वर बदक. मुलांना आवडतो, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

बोरन्हाणाच्या दिवशी अकरा वाजता पद्मा आली, गंगाचं बोचकं घेऊन. रोहन काळं झबलं घालून बसला होता, हलव्याचा मुकुट डोक्यावरून काढून चोखत होता. मी गंगाला जवळ घेतलं, तेवढ्यात तिचा गुडघा दिसला. खरचटलेला, खपली धरलेला. गंगाची तपासणी अजून केली नव्हती; पद्माला धीर होत नव्हता. मी गुडघ्याकडे पाहिलं. मग रोहनकडे. मग परत गुडघ्याकडे.

शेजारचा कुशलही आला होता. मी दूध ओतलं. रोहनला आणि कुशलला स्टीलच्या पेल्यात. बदकाचा पेला मी खिडकीत ठेवला होता, त्यात गंगाला.

गंगा दोन घोट पिऊन पुरीच्या वासामागे पळाली, ती थेट स्वयंपाकघरात. आतून आई कडाडल्या, "शिवू नकोस! लांब हो, लांब!"

मी वळले तर पद्माचा चेहरा पांढराफटक. तिनं गंगाचा हात धरला, बोचकं उचललं. "नाव सुटेल, वहिनी," म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

"आई! काय केलंत!" मी उंबरठ्यावरूनच ओरडले. "तिला वाटलं, तिच्या आजारामुळे म्हणालात!"

आईंचा झारा कढईत तसाच राहिला. "मी तर विश्वेश्वरालाही म्हणते!"

"तिला काय माहीत?"

आईंनी गॅस बंद केला. आणि सोवळ्याच्या रेशमी लुगड्यानिशी, अनवाणी, माझ्याआधी जिना उतरल्या. मी रोहनला कडेवर मारून मागे. गल्लीत एक सांड आडवा उभा होता. आई त्याला हातानं ढकलून पुढे गेल्या. दत्तात्रेय पानवाल्याच्या हातातला चुना गळला. "काकी, आज सोवळं?" त्यानं विचारलं. रोहनचे हलव्याचे दागिने पायरीपायरीवर सांडत होते आणि त्यामागे कुशल वेचत येत होता.

पद्मा नावेत बसली होती. आई दोन पायऱ्या पाण्यात उतरल्या आणि त्यांनी गंगाचा दंडच धरला.

"हे बघ, शिवले. झालं? आता वर चला, पुऱ्या गार होतायत."

पद्मा उठून उभी राहिली. "काकू, तुमचं ओरडणं नव्हे हो! माझी आजीपण अशीच ओरडायची. मला तर घरी आल्यासारखं वाटलं."

"मग?"

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. "खिडकीतला पेला."

माझ्याजवळ चौदा तक्ते आहेत. त्यातला एकही त्या वेळी आठवला नाही.

"मुलांना आवडतो म्हणून..." मी सुरुवात केली.

"रोहनला मग स्टीलचा का?" आईंनी विचारलं.

नावाडी आमच्याकडे टुकूटुकू बघत होता. रोहननं माझे केस धरले होते.

"घाबरले मी," मी म्हणाले. "सगळं पाठ आहे मला, पद्मा. तरी घाबरले. गुडघा बघून."

"मी रोज घाबरते, वहिनी," ती म्हणाली. " पण पेला एकच ठेवते."

"थांबा," आई म्हणाल्या. त्यांचं लक्ष आता कुठे स्वतःच्या ओल्या लुगड्याकडे गेलं होतं. "म्हणजे मी उगाच विटाळले? या थंडीत पुन्हा न्हायचं, पुन्हा सगळा स्वयंपाक, आणि चूक हिची?"

पद्माला हसू आलं. आधी नाकातून, मग खोकल्यासकट.

"जाना है कि नहीं जाना है?" नावाडी वैतागला.

"नहीं जाना है," गंगानं सांगून टाकलं आणि आईंचा हात धरून ती पायरीवर उतरली.

पद्मा दुसऱ्या दिवशी भरती झाली.

ते दहा दिवस बदकाच्या पेल्यातून मी चहा प्यायले, आईंच्या हुकमावरून. चहाला प्लास्टिकचा वास येतो. रोहन आणि गंगा तोच पेला पाहिजे म्हणून भांडायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्याकडून पळवला, आणि त्या दिवशी कोण कुणाचं उष्टं प्यालं ते मी पाहिलं. पाहून पोळ्या लाटत राहिले. एक पोळी काशीच्या गल्लीसारखी वाकडीतिकडी झाली. गंगाच्या खपलीवर मलम मात्र मीच लावायची. हात एकदाच धुवायचा, हे पाचव्या दिवसापासून जमलं.

अकराव्या दिवशी पद्मा गंगाला न्यायला आली. वाळली होती, पण जिना न थांबता चढली. गंगा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी होती. कमरेला आईंच्या जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा, हातात झारा. पद्मानं दोन्ही हात पसरले.

"शिवू नकोस!" गंगा कडाडली. "लांब हो, आई! मी सोवळ्यात आहे."

पद्मा तिथंच जमिनीवर बसली. हसता हसता डोळे पुसत तिनं विचारलं, "किती वेळ गं?"

गंगानं आत वळून आईंना विचारलं, मग बाहेर सांगितलं, "नैवेद्य होईपर्यंत."

"बसते मग," पद्मा म्हणाली. मी तिला चहा दिला. बदकाचा पेला तिनं स्वतःच मागून घेतला.