दोन मीटर आधी थांबलेला खांब

मी एक जुना पायाचा खांब आहे. डोके रुंद, पाय निमुळता. मित्रांनो, इजिप्तमधल्या दुमयात गावी, सुतारशाळेखालच्या भुसभुशीत वाळूत मी उभा आहे. मला कोणी पाहत नाही. न पाहोत!

माझा आकार नर्मीन इंजिनियरबाईंनी काढला. हज करून आलेल्या कंत्राटदार हाज शलबींना तो पाहताच हसू फुटले.

"बाई, हा खांब आहे की गाजर? एवढ्याशा पायावर शाळा उभी करणार?"

"हाज, तुमच्या गावचे सुतार खुर्चीच्या सांध्यात पाचर ठोकतात, ती कशी असते? निमुळतीच ना?"

मग मला आणि माझ्या सरळसोट भावाला शेजारी-शेजारी ठोकले. दोघांत काँक्रीट सारखेच. भाऊ सरसर ठरलेल्या खोलीपर्यंत गेला. मी मात्र दोन मीटर आधीच थांबलो. ठोका, हवे तेवढे ठोका! मी हललो नाही.

"अडकला मेला! उपटा त्याला," हाज गरजले. "आणि बाई, तुमचे नकाशेही गुंडाळा."

"अडकला नाही, बसलाय. वजन ठेवून बघा. बोटभर जरी खचला तर मी काम सोडून घरी जाते."

बोलताना बाईंनी नकाशे छातीशी घट्ट धरले होते. भीती मलाही वाटली, खोटे कशाला सांगू? पण राग त्याहून मोठा होता.

दोघांवर काँक्रीटचे ठोकळे रचले जाऊ लागले. साठ टनांना भाऊ वाळूत घसरला. त्यात त्याचा दोष नव्हता. खाली खडक असता तर कदाचित त्यानेच मला हरवले असते. मी मात्र उतरताना प्रत्येक घावाला वाळू बाजूला रेटून घट्ट केली होती. आता तीच वाळू मला चहूकडून आवळून धरत होती. नव्वद टन झाले. मी दातओठ खाऊन उभा राहिलो. खचलो किती? नखाएवढाही नाही.

हाजांनी चहा मागवला आणि पहिला पेला बाईंना दिला. जमिनीच्या वर उरलेले माझे दोन मीटर डोके मात्र फोडून टाकले. फोडेनात का! उरलो तेवढा पुरून उरलो.

तीस वर्षे मी आणि माझ्यासारखे चाळीस खांब दोन मजले पेलत आहोत. परवा हाजांचा मुलगा अंगणात पाय आपटून म्हणाला, "आणखी तीन मजले चढवू. हे खांब जन्मात खचायचे नाहीत!"

मित्रांनो, असल्या स्तुतीने मी फुगत नाही. माझ्यावर शंका होती तेव्हा तुम्ही माणसांनी मला वजन ठेवून मोजलेत. आता विश्वास बसला आहे, तर आताही मोजा. वर मुले शिकतात. न मोजता चढवलेला भार मी पेलीनच, असे मी कोणालाही वचन दिलेले नाही.