स्क्रूच्या जागी निळा दोरा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. मी एक जुना पेचकस आहे, बोटाएवढा, चष्म्याचे बारीक स्क्रू पिळणारा. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी पितळी मूठ इतकी गोल आणि गुळगुळीत केली की टेबलावर ठेवलं की मी घरंगळतोच.

चष्म्याच्या दुकानाच्या पहिल्या मालकाने मला तीस वर्षं वापरलं. "याच्यासारखा दुसरा नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी फुगायचो. मग दुकान मुलाकडे आलं. चाळिशीला टेकलेला, हाताने कुशल, बोलायला मात्र महाकठीण. काउंटर सांभाळणाऱ्या त्याच्या मोठ्या बहिणीने जोडीदार शोधायच्या अ‍ॅपवर त्याचं नाव घातलं आणि माझे हाल सुरू झाले. पहिला मेसेज सुचेपर्यंत तो मला बोटांत गरगर फिरवत बसायचा.

आणि सुचायचं काय? 'नमस्कार. वय? उंची? छंद? स्वभाव शांत की रागीट?'

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, बायको शोधतोयस की नंबर तपासतोयस?"

मग त्याने 'तुमचं हसणं फार सुंदर आहे' असं एकदाच लिहून अकरा जणींना पाठवलं. त्यातल्या एकीने तर फोटोत तोंडावर हात धरला होता. उत्तर एकीचंही आलं नाही. तो जेवेनासा झाला. मला फार वाईट वाटायचं.

"ताई, हा शेवटचा मेसेज," तो एका दुपारी म्हणाला. "नाही जमलं तर अ‍ॅप काढून टाकतो. पुन्हा विषय नको."

अ‍ॅपवरची ती गुरांची डॉक्टर होती. फोटोत वासराला मिठी मारून हसत होती. त्याने फोटो मोठा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. मग लिहिलं, 'तुमच्या चष्म्याच्या उजव्या बिजागरीत स्क्रूच्या जागी निळा दोरा दिसतोय. गाठ फार सफाईची आहे. टाके घालताना मारता तीच का?'

"पहिल्याच मेसेजात तिच्या मोडक्या चष्म्यावर बोट?" ताई ओरडली. "गेलीच म्हणून समज!"

पण मेसेज गेला होता. ताईच्या ओरडण्याने तो असा दचकला की मी निसटलो आणि थेट कपाटाखाली गेलो.

चार दिवस मी धुळीत पडून होतो. दिसायचे फक्त त्याचे बूट. दारापर्यंत जायचे, परत यायचे. त्याने नवा पेचकस आणला, तेव्हा मी जळलो, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त पोखरत होतं ते एकच. उत्तर आलं का?

पाचव्या दिवशी बूट थबकले. तो मोठ्याने वाचू लागला, "'हो, तीच गाठ. फोटोतल्या ह्याच वासराच्या पायाला टाके घालून उरलेला दोरा आहे. हसण्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, गाठ कुणाला दिसली नाही. पण ती रोज सैल होते. स्क्रू बसवून द्याल? शनिवारी येते.'"

मग एकच धावपळ. "ताई, एवढ्या बारीक स्क्रूला नवा पेचकस चालायचा नाही. बाबांचा कुठंय?" तो टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा पडला आणि बुटांऐवजी मला त्याचा चेहरा दिसला. मला रडू आलं.

मित्रांनो, कुणाला पहिला शब्द लिहाल, तेव्हा आधी त्या माणसाकडे नीट बघा. आणि जमल्यास अधूनमधून कपाटाखालीही.

शनिवारी ती आली. स्क्रू बसला. मी सवयीने टेबलाच्या कडेकडे निघालो, तर तिने मला अलगद झेललं, सुटलेला निळा दोरा माझ्या मुठीला गुंडाळला आणि तीच गाठ मारली.

"आता कुठे पळतोस बघू," ती म्हणाली.

म्हणाली मला. पण जागच्या जागी खिळला तो.