अकराव्या खुणेची पायरी

त्या रविवारी दुपारी तिसरं जोडपं अंगणात शिरलं, तेव्हा ग्वेंडा प्राइसच्या हातात कोंबड्यांची घाण भरलेली बादली होती. जोडप्यातल्या बाईचा एक बूट चिखलात कुठेतरी राहून गेला होता. नवऱ्याच्या हातात ते हिरवं पत्रक होतं.

"माफ करा हं, इथून टेकडीवर—"

"इथून कुठेच जाता येत नाही," ग्वेंडा म्हणाली. "हे माझं अंगण आहे. बसा. बूट शोधून आणते."

अकरा वर्षं हेच चाललं होतं. 'कॉलो टेकडी, गोल फेरी, सव्वासहा मैल, चढ मध्यम,' असं लिहिलेलं ते पत्रक गावातल्या पबमध्ये, पोस्टात, चर्चच्या दारात ठेवलेलं असायचं. ते टनिक्लिफ सरांनी लिहिलं होतं. सरांनी अर्ध्या गावाला भूगोल शिकवला होता, ग्वेंडालासुद्धा. तिने त्यांना पत्रकात दुरुस्ती करायला किती वेळा सांगितलं याची गणतीच नव्हती. दर वेळी एकच उत्तर, "पत्रकात चूक नाही, ग्वेंडा."

बूट सापडला. जोडपं चहा पिऊन गेलं. ग्वेंडाने हातसुद्धा धुतले नाहीत, तशीच फोनकडे गेली.

"सर, उद्या सकाळी नऊ वाजता. तुम्ही, मी आणि तुमचं पत्रक. एकेक ओळ वाचत चालायचं. नाही म्हणालात तर पुढच्या रविवारी येतील ती सगळी माणसं तुमच्या घरी पाठवीन."

सर बरोबर नऊला हजर झाले. वय एक्याऐंशी, दोन काठ्या, गळ्यात अडकवलेला चष्मा. पत्रकातल्या पहिल्या खुणेपासून मोठ्याने वाचायला लागले, जणू वर्ग भरला होता.

"'चर्चच्या मागच्या फाटकातून बाहेर पडा.' पडलो की नाही?"

"पडलो, सर."

"'ओढा उजव्या हाताला ठेवा.' कुठे आहे?"

"उजव्या हाताला आहे, सर. मला दिसतोय."

चढ लागला तशी ग्वेंडाचं उजवं ढोपर कुरकुरायला लागलं. बासष्टाव्या वर्षी, आयुष्यभर मेंढ्यांमागे धावूनही, तिला धाप लागली; आणि म्हातारा आपला टकटक काठ्या टेकत पुढे. वर पोचल्यावर वाऱ्याने तिची टोपी उडवली. सरांनी सफरचंद काढलं, चाकूने अर्धं केलं, मोठा अर्धा भाग स्वतः घेतला. आणि पत्रक? पत्रक दहाव्या खुणेपर्यंत अक्षरशः बरोबर निघालं. एक चूक नाही. तिला त्याचाच जास्त राग आला.

"'अकरावी खूण,'" सरांनी वाचलं. "'कुंपणावरची लाकडी पायरी ओलांडून डावीकडे उतरा.'"

समोर नुसतं काटेरी कुंपण होतं. दोन खांबांमध्ये फळ्या ठोकलेली ती पायरी होती, पण चाळीस पावलं खाली. ती ओलांडून डावीकडे वळलं की माणूस सरळ ग्वेंडाच्या अंगणात.

"बघा!" ती ओरडली. "बघा, सर! कुठाय इथे पायरी?"

सरांनी काठीने गवत बाजूला केलं. जमिनीत करवतीने कापलेल्या दोन खांबांचे बुंधे होते, आणि कुंपणातली फट तारेने बंद केलेली होती. तारेला निळी दोरी. ती दुहेरी पीळ घालून मारलेली गाठ ग्वेंडाने झोपेतसुद्धा ओळखली असती. रोज तीच गाठ ती कोंबड्यांच्या दाराची सोडायची.

"आयव्हर," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने असं क्वचितच घेतलं होतं.

"ट्रॅक्टर वळत नव्हता म्हणून त्याने पायरी खाली हलवली," सर म्हणाले. "मी त्याच आठवड्यात त्याला गाठलं. म्हणाला, 'वसंतात परत लावतो.'"

"कुठल्या वसंतात?"

"अकरा झाले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि पत्रकात एक ओळ बदलली नाही?"

"का बदलू? वाट इथूनच आहे. मी बदललं असतं तर त्याचंच खरं झालं असतं."

"आणि मी? अकरा वर्षं मी लोकांचे बूट चिखलातून काढतेय, चहा करतेय, त्यांची कुत्री धरतेय! मला सांगायचं कुणाला सुचलं नाही?"

"तो सांगेल असं वाटलं," सर म्हणाले.

उरलेली उतरण ती त्यांना मागे टाकून उतरली.

आयव्हर गोठ्यापाशी एका मेंढीच्या खुरांची नखं कापत होता. तिने विचारलं तसा मेंढीवरची नजर न काढता म्हणाला, "सरांनी पत्रक बदललं असतं तर काही प्रश्नच नव्हता. आणि मला वाटलं, तुला आवडतं. माणसं येतात, तू गप्पा मारतेस."

"मला आवडतं? आयव्हर, मी त्यांना हाकलत असते!"

"बिस्किटं देऊन?"

तिने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "शनिवारी पायरी परत वर. तू खणायचं. सर धरतील. मी बघणार."

शनिवारी तिने खुर्ची टेकडीवर नेली आणि स्वेटर विणत बसली. चार तास लागले. सरांनी खांबाला ओळंबा लावला, आयव्हर म्हणाला खांब ओळंब्याशिवायही सरळच आहे, आणि खांब तिरका बसला. मधे पाऊस आला. दोघं एकाच ताडपत्रीखाली, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. खालची जुनी पायरी आयव्हरने स्वतः उपटली. तेव्हा सर म्हणाले, "बरं काम झालं हो," आणि आयव्हरने नुसती मान हलवली. अकरा वर्षांत वाद न घालता दोघं एवढंच बोलले असावेत.

"आता मी ओलांडून बघते," म्हणत ग्वेंडा वर चढली. एक पाय पलीकडे टाकला, आणि ढोपर अडकलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"डावा हात खांबावर," सर म्हणाले.

"उजवा, उजवा," आयव्हर म्हणाला. "डावीकडचा खांब अजून हलतोय."

"तो हलत नाही. मी स्वतः माती ठोकली आहे."

"तुम्ही ठोकली म्हणूनच सांगतोय!"

"दोघंही तोंडं मिटा!" ग्वेंडा किंचाळली. खाली कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. तिने दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलला, पलीकडे आपटला, आणि मागे वळूनही न बघता डावीकडची वाट धरली.