शाळेच्या जमिनीखाली काय असेल?

दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचं झाड. या चित्राचा रत्नमालाबाईंना अगदी वीट आला होता. पाऊस दर वर्षी दगा देत होता, टँकर आला तरच पोरांचे ब्रश भिजत होते, आणि ही गुणाची बाळं कागदावर दुथडी भरून नद्या वाहवत होती. म्हणून शनिवारी चित्रकलेच्या तासाला त्यांनी फळ्यावर वेगळाच विषय लिहिला, 'शाळेच्या जमिनीखाली काय असेल?' चित्र काढायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या.

विषयाला निमित्तही होतं. सोमवारी मैदानातल्या लिंबाखाली शाळेचा बोअर घ्यायचा होता. हेडमास्तर आप्पासाहेबांनी पाणाड्याकडून जागा बघून घेतली होती, त्याच्या हातातली काटकी तिथंच वळली म्हणे.

पोरांनी धमाल केली. कुणी दौलताबादहून आलेलं भुयार काढलं, कुणी नागाचं बीळ, एकानं तर जमिनीखाली अख्खा मॉल थाटला. बाई हसत हसत कागद बघत होत्या. ज्ञानेश्वरीच्या कागदाशी त्यांचं हसू मावळलं.

लिंबाचं झाड होतं. त्याच्या मुळांत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ, मनगटात काळे मणी. खाली लिहिलं होतं, 'हा माझा भाऊ. हे आमचं रान होतं तेव्हा त्याला इथं ठेवलं. तो मुळीला धरून झोपतो.'

तान्ही लेकरं जाळत नाहीत, पुरतात, हे बाईंना का ठाऊक नव्हतं? शहर वाढत वाढत या रानावर आलं, प्लॉट पडले, शाळा उभी राहिली, हेही ठाऊक होतं. पण चित्राचा विषय देताना हे कुणाच्या डोक्यात येतं? आणि परवा नेमकं तिथंच बोअरचं मशीन लागणार होतं.

त्या तडक आप्पासाहेबांकडे गेल्या. त्यांनी चित्र पाहिलं, बराच वेळ चष्मा पुसला. पाणी तर हवंच, पण आईला विचारा, ती म्हणेल तसं करू, म्हणाले.

ज्ञानेश्वरीची आई बानाबाई शेजारच्याच बांधकामावर कामाला होती. मधल्या सुट्टीत ती सिमेंटनं माखलेल्या हातांनी वर्गात आली. बाईंनी चित्र पुढं धरलं, विषय दिल्याबद्दल माफी मागितली, बोअरची जागा बदलून घेऊ असं सांगितलं. बानाबाईनं कागद नीट बघितला, पण डाग पडेल म्हणून हात लावला नाही.

"खुशाल घ्या बोअर," ती म्हणाली. "लिंबाखाली काय नाय. पोरीला मीच तसं सांगितलंय."

"मग कुठं आहे तो?"

बानाबाईनं फळ्यासमोरच्या फरशीकडं बोट केलं. "तुमी उभ्या राहता ना, तिथं. शाळेचा पाया खांदला तवा टोपल्या मीच वाहिल्या. पाया हातभर लांबून गेला. त्याला धक्का लागला नाय, एवढं बघितलं."

शाळा सुरू झाल्यापासून बाई रोज तिथंच उभ्या राहत होत्या. तिथंच हसल्या होत्या, पोरांवर खेकसल्या होत्या.

"पोरीला सांगू नका, बाई," बानाबाई म्हणाली. "तिला हा वर्ग लई आवडतो. कळलं तर यायची नाय ती."

बाईंनी मान हलवली. घंटा झाली तशी बानाबाई कामावर गेली आणि पोरं धडाधडा आत आली. ज्ञानेश्वरी पहिल्या बाकावर बसली आणि आपलं चित्र फळ्यावर लावणार का म्हणून विचारू लागली. लावते, असं बाई म्हणाल्या. चित्र हातात घेऊन त्या फळ्याकडं वळल्या, आणि पाऊल कुठं टाकावं तेच त्यांना कळेना.