अर्जातला रिकामा रकाना

तिसऱ्यांदा अर्ज परत आला, तेव्हा मीच यांच्याबरोबर कचेरीत गेले. आमचे हे एकवीस वर्षं मिस्त्री. ज्यांच्यासाठी राबले ते ठेकेदार आता धंदा आवरता घेत होते. सरकारी ठेकेदारीचा परवाना यांना मिळाला नाही, तर हाताखालची आठ माणसं आठ वाटांना जाणार. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर आधी अनुभव मंजूर व्हायला हवा, आणि त्याची मुदत आज संपत होती.

खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. वाचून मी कपाळावर हात मारला. चौदा बांधकामं, आणि प्रत्येकापुढे यांच्या सुबक अक्षरात हाताखालच्या सगळ्यांची कामं: पाया लंबूने खणला, सळई काकांनी बांधली, गिलावा दोघा भावांचा. ‘अर्जदाराने केलेले काम’ या रकान्यात चौदाही ठिकाणी नुसती रेघ.

विचारलं, तर म्हणतात कसे, केलं त्यांनी, करवून घेतलं देवाने, आपण मध्ये कशाला घुसायचं. रोज हात जोडून ‘मी’पणा जाऊ दे म्हणणारा माणूस, तो नेमका सरकारी कागदावरून घालवून बसला होता. देवाच्या दारात हे शोभलं असतं हो, पण ही खिडकी होती.

बाई म्हणाल्या, अशाने अनुभव शून्य धरावा लागेल. यांनी समजूतदारपणे मान डोलावली. मी यांच्या पायावर पाय दिला. तरी ढिम्म.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मिस्त्री, गच्ची गळली तर मालक कोणाला धरतो?”

“मला.”

“भिंत ओळंब्यात नसली तर?”

“मलाच. सातव्या घराची नव्हती. पाडली, पुन्हा उभी केली.”

“आणि नकाशा चुकीचा वाचला गेला तर?”

“मीच की, बाई. दुसरं कोण?”

“मग तेच लिहा. नकाशा वाचला, ओळंबा तपासला, चुकलेलं पाडून घेतलं.”

हे लिहायला बसले. दोष घ्यायचा म्हटल्यावर ‘मी’ लिहायला हात अडखळला नाही. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना शिक्का पडला, परीक्षेची तारीख मिळाली. मी सुटकेचा श्वास सोडते तोच यांनी पुन्हा खिडकीत डोकं घातलं. परवान्यावर आठ जणांची नावं कुठे घालायची, असं विचारत होते.

दंडाला धरून बाहेर काढलं.